जिन्यातली सवत

आमच्या घरात प्रत्येकाचा एक कान तळघराकडे असतो. मी भाजी चिरत असले तरी, नवरा दाढी करत असला तरी. खालून शिलाई मशीनची घरघर येत असली की सगळं ठीक. ती थांबली की माझी सुरीही थांबते. मग एखादा स्क्रू फरशीवर घरंगळतो, त्याच्या पाठोपाठ सासूबाईंची एक सणसणीत शिवी वर येते आणि माझा जीव भांड्यात पडतो. सासूने शिवी हासडली म्हणून हायसं वाटणारी सून माझ्याशिवाय दुसरी कुठे असेल असं वाटत नाही.

शिवी मला नसते, स्क्रूला असते. सासूबाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. आमच्या भागात त्यांना लहानथोर सगळे मशीनबाई म्हणतात. हे काम त्यांना कुणी शिकवलं नाही. माहेरून आणलेलं मशीन एकदा अडून बसलं, दुरुस्तीवाला आला, आणि जाताना म्हणाला की बायकांनी आत हात घालू नये. तो फाटकाबाहेर पडायच्या आत सासूबाईंनी मशीन उघडलं होतं. सगळे भाग जुन्या वर्तमानपत्रावर मांडले. पुढे कित्येक दिवस बैठकीच्या खोलीत पाय टाकायची सोय नव्हती, घरातले पुरुष उभ्याने जेवत होते. शेवटी मशीन चालू झालं आणि हातात एक स्प्रिंग उरली. ती स्प्रिंग अजून त्यांच्या डबीत आहे. कुठली ते त्यांना आजही माहीत नाही, पण मशीन चालतंय म्हटल्यावर विचारायचं कुणी?

स्वभावाने गोड वगैरे अजिबात नाहीत. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. "तेल कधी घातलं होतं? मशीन घेतलं त्या दिवशी?" चुकल्या तरी कबूल करत नाहीत. एका बाईंचं मशीन त्यांनी जोडून दिलं ते उलटंच फिरायला लागलं, तर म्हणाल्या, "तुम्ही पॅडल उलटं मारताय." बिचारीने दोन दिवस पाय बदलून पाहिला. मग गुपचूप मशीन परत आलं, गुपचूप नीट झालं, आणि या विषयावर आमच्या घरात बोलायला बंदी आहे.

आणि हे सगळं चालतं तळघरात. तिथे त्यांचं लांब टेबल, भिंतीला लावलेल्या हत्यारांची ओळ, तेलाचा वास, आणि वर रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. पूर्वी त्या पायांवरून कोण चाललंय ते सांगायच्या. अलीकडे आवाजावरून सांगतात.

कारण त्यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध एक डाग आहे आणि तो वाढतोय. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या बाजूची भिंत दिसते. हे कळायलाही उशीर झाला, कारण डॉक्टरांकडे बाकावर बसल्या बसल्या त्यांनी आधीच्या पेशंटने वाचलेला तक्ता पाठ केला आणि आत जाऊन घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं. मग पुढच्या वेळी तक्ता बदलला होता. सासूबाईंनी जुनाच म्हटला.

हे डोळे सुधारणार नाहीत, आहे ते जपा, असं आम्हाला सांगण्यात आलं. मशीन त्या हातांनी दुरुस्त करतात, बोटांनी चाचपतात, चाकाला कान लावतात. त्याची मला चिंता नव्हती. चिंता होती जिन्याची.

तळघरात उतरणारा तो जिना म्हणजे आमच्या घराचं जुनं दुखणं. घर सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलं तेव्हा तळघरात उतरायला नुसती शिडी होती. सासूबाईंचा पसारा वाढला, तेव्हा सासऱ्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने मिळून लाकडी जिना करायला घेतला. दोघांपैकी एकही सुतार नव्हता. एक पोस्टात, दुसरा छापखान्यात. काम सुरू झालं आणि लगेच दोघांचं वाजलं. कशावरून, तर करवत पावसात कुणी ठेवली यावरून. बोलणं बंद झालं. पण काम सोडणं म्हणजे हार मानणं, तेव्हा सासऱ्यांनी वरून पायऱ्या ठोकत खाली यायचं आणि थोरल्यांनी खालून ठोकत वर जायचं असं चालू झालं. निरोप्याचं काम सासूबाईंकडे. "त्याला सांग, माझी पायरी वीतभर उंचीची आहे." "त्याला सांग, माझीही वीतभरच आहे." वीत दोघांचीही खरी होती, फक्त हात वेगवेगळे होते.

दोघे मधे भेटले तेव्हा जी जागा उरली ती एका पायरीला जास्त आणि दोन पायऱ्यांना कमी होती. आपलं काम उखडायला कुणीच तयार होईना. मग जिन्याच्या मध्यावर, बरोबर तुळईच्या खाली, गुडघ्याएवढी उंच एक पायरी तशीच राहिली. सासूबाई तिथे पहिल्यांदा ठेचकाळल्या तेव्हा म्हणाल्या, "ही माझी सवत. या घरात माझ्या वाटेत दुसरं कुणी आडवं येत नाही." नाव पडलं ते पडलंच.

सवतीवरून उतरायची रीत होती. तुळई डोक्यावर आली की मान खाली घालायची, अंग आडवं करायचं आणि पाय लांब सोडायचा. कुणी हातात काही घेऊन उतरत असलं की जवळ असेल त्याने ओरडायचं, "सवत आली हं!" मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात खालून सासूबाईंचा हा पुकारा ऐकला आणि हातातली चादर टाकून दारात पळाले होते. नवऱ्याने त्यावरून मला वर्षभर छळलं. पुढे माझे पायही शिकले. सासरे आणि थोरले काका पुढे बोलायला लागले आणि संध्याकाळी त्याच पायरीवर शेजारी शेजारी बसून चहा प्यायचे, कारण बसायला सोयीची अशी तेवढी एकच पायरी होती. आता दोघेही नाहीत.

या जिन्यावर सासूबाई डोळ्यांशिवाय व्यवस्थित चालत होत्या. आयुष्यभराची सवय. पण भिंतीला ओल आली आणि जिन्याच्या एका बाजूची लांब फळी कुजायला लागली. एक दिवस नवऱ्याचा पाय सवतीच्या खालच्या पायरीतून आरपार गेला. पोटरी सोलवटली. त्याने वर येऊन पट्टी बांधली, चहा प्यायला आणि म्हणाला, "तळघर बंद. आईची मशीनं वर आणू. तिच्या खोलीत टेबल लावून देतो."

"माझ्या खोलीत तेल सांडलं तर तुझी बायको मला घराबाहेर काढेल," सासूबाई म्हणाल्या.

"मी कशाला काढेन?" मी म्हणाले, पण त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. "वर बसवलंस की मला म्हातारी करून ठेवलंस," त्या लेकाला म्हणाल्या. "मग एक दिवस म्हणशील, टेबल कशाला, खुर्ची पुरे. मग म्हणशील, खुर्ची कशाला, पलंग आहे."

मायलेकांची दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी नवरा नरमला, पण अट घालून. जुना जिना काढून नवा करायचा, मापात, कठड्यासकट. "आणि नव्या जिन्यावरून एकदा जरी कुणी पडलं, तर तळघराला कुलूप. मग मला काही सांगायचं नाही."

"कबूल," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याचं वाक्य संपायच्या आत.

सुतार आला. खिशात कायम गुण्या घेऊन फिरतो, दिसेल त्या कोपऱ्याला लावून पाहतो, म्हणून आमच्या गल्लीत त्याला काटकोन म्हणतात. आमच्या जेवणाच्या टेबलालाही त्याने येता येता गुण्या लावला आणि मान हलवली. मग तळघराच्या दारात उभा राहून त्याने खाली बॅटरी मारली.

"हा जिना कुणी केला? दारू पिऊन केला काय?"

"दोघांनी केला," सासूबाई म्हणाल्या. "एक थेंब न पिता."

काटकोनने मजल्यापासून तळापर्यंत फीत सोडली, भिंतीवरच पेन्सिलीने हिशेब केला. सगळ्या पायऱ्या एकसारख्या होतील, उंचीला आणि रुंदीला, केसाचाही फरक राहणार नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"मधली उंच ठेवता येईल?" त्यांनी विचारलं.

काटकोनला वाटलं, थट्टा चाललीय. मग त्याच्या लक्षात आलं की नाही. "मावशी, एक पायरी वेगळी ठेवणं म्हणजे माणूस पाडायचं काम. माझ्या हातून नाही होणार. उद्या कुणी पडलं तर नाव माझं जाईल."

"सगळ्या सारख्या केल्यास तर मी कुठवर आले ते मला कळणार कसं?"

काटकोनने फीत गुंडाळायला घेतली. नवरा म्हणाला, "आई, सारखं असलं की सोपं असतं." मला दोघांचंही पटत होतं आणि दोन्हीकडून भीती वाटत होती. रात्री नवऱ्याला म्हणाले, काटकोनला सांगून ती एक पायरी उंच करून घेऊ या का? तो म्हणाला, "तू पण?" आणि पाठ फिरवून झोपला.

जुना जिना उखडला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून होत्या. लाकूड फाटल्याचा आवाज आला की त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर आवळायची. सवतीची फळी काटकोनने वर आणून भिंतीला टेकवून ठेवली. मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. दोन ठिकाणी जास्त झिजलेली होती, दोन माणसं बसतील एवढ्या अंतरावर. सासूबाईंनी जाता जाता तिच्यावरून हात फिरवला. "हिला जाळू नका," एवढंच म्हणाल्या.

मग सुरू झाले ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. तळघराच्या दारापलीकडे जिन्याच्या जागी नुसतं भगदाड. मी दारासमोर खुर्च्या आडव्या लावल्या, खुर्च्यांना दोरी बांधली, दोरीला चमचे अडकवले, म्हणजे धक्का लागला तर वाजतील. नवरा म्हणाला, आपलं घर आहे की तुरुंग? कचेरीत बसले तरी माझ्या कानात चमचे वाजायचे. दुपारी तीनदा फोन करायची. सासूबाई उचलायच्या आणि म्हणायच्या, "अजून जिवंत आहे. ठेव."

वर बसून त्या वाळत चालल्या होत्या. काम नाही म्हटल्यावर त्यांनी मिक्सर उघडला. मिक्सरला काही झालेलं नव्हतं. नंतर झालं. घड्याळ उघडलं. मग त्यांनी उघडणं सोडून दिलं आणि खिडकीशी बसून राहायला लागल्या, हात मांडीवर. ते रिकामे हात मला बघवेनात. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई विचारायला आल्या की माझं मशीन कधी मिळेल, तर सासूबाई त्यांना ओरडल्यासुद्धा नाहीत. "होईल," म्हणाल्या. त्या बाई बाहेर येऊन मला हळूच विचारत होत्या, "बरं नाही का त्यांना?"

काटकोनचा जिना मात्र देखणा झाला. भक्कम बाजू, एकसारख्या फळ्या, हाताला गुळगुळीत लागेल असा कठडा, वर आणि खाली दोन्हीकडे दिव्याचं बटण. तो स्वतः त्यावरून चार वेळा धावत वरखाली करून दाखवत होता, जणू मुलगी दाखवायला आणलीय. मी उतरून पाहिलं, कठडा घट्ट धरून, पायांकडे बघत. तरी तुळईखाली आले तशी माझी मान आपोआप खाली गेली, पाय लांब सुटला आणि फळी आधीच तळव्यावर आदळली. पाठीतून कळ गेली. कुणी पाहिलं नव्हतं. पण मनात एकच विचार, मला धडधडीत दिसतंय तर माझं हे असं, मग त्यांचं काय होणार?

"चल आई," नवरा खाली हात पसरून उभा राहिला.

"आज नको. आधी रंग लागू दे, वाळू दे."

रंग लागला, वाळला. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. मग म्हणाल्या, वास जाऊ दे. मग म्हणाल्या, सोमवारी बघू. नवरा मला म्हणाला, "बघ, तिलाच भीती वाटतेय. मी सांगत होतो." त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. त्यालाही वाईट वाटत होतं. आम्ही दोघेही मनातून कुलूप लावून मोकळे झालो होतो आणि एकमेकांना ते सांगत नव्हतो.

एका दुपारी कचेरीत वीज गेली म्हणून मी लवकर घरी आले. घरात सामसूम. खिडकीतली खुर्ची रिकामी. तळघराचं दार सताड उघडं आणि उंबऱ्याशी सासूबाईंच्या चपला, एकीला एक लावून ठेवलेल्या.

हाक मारावी तर दचकून पडतील. न मारावी तर... मी दाराची चौकट धरून खाली वाकून पाहिलं.

सासूबाई जिन्यात बसल्या होत्या. बसून बसून उतरत होत्या, लहान मूल उतरतं तशा. एका पायरीवर बसायच्या, दोन्ही तळहात फळीवर फिरवायच्या, कड चाचपायच्या, मग खालच्या फळीवर पाय टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. आणि तोंडाने पायरीची खरडपट्टी चालू. "फार शहाणी समजतेस. सगळ्या बहिणी एका तोंडवळ्याच्या. ही कोण, ती कोण, काही पत्ता लागू देत नाही." तुळईखाली आल्या. त्यांची मान खाली गेली, अंग आडवं व्हायला लागलं. तिथेच थांबल्या. अंग पुन्हा सरळ केलं. चार फळ्या वर सरकल्या, पुन्हा आल्या. पुन्हा अंग आडवं झालं. स्वतःच्याच मांडीवर चापट मारली. पुन्हा वर. असं किती वेळा केलं कोण जाणे, मी डोळे पुसत होते.

"श्वास तरी घे," त्या वर न बघता म्हणाल्या. "तो कोंडलेला इथवर ऐकू येतोय."

"आई, हे कधीपासून?"

"तुम्ही दोघं कामाला गेलात की. रंग ओला होता तेव्हापासून. सगळी साडी खराब झाली, तुला धुताना दिसली नाही वाटतं." त्या दम खात बसल्या. "जिना शिकायचा अवघड नाही गं. जुना पायातून जात नाही. तुळईखाली आले की पाय आपला सवतीला शोधतो. इतकी वर्षं तिला शिव्या दिल्या आणि आता..." त्यांनी फळीच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ते दोघं तिथे बसायचे ना. मी मुद्दाम त्यांच्या मधून जायचे, दोघांच्या खांद्याला धरून. आता नुसत्या फळ्या आहेत."

मी उतरून त्यांच्या वरच्या पायरीवर बसले. पाठीवर हात ठेवला तर पाठ घामाने भिजलेली.

"त्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "आई बसून उतरते हे कळलं तर तो तेच धरून बसेल."

मी सांगितलं नाही. पण त्यानंतरचे दिवस माझे मलाच ठाऊक. दुपार झाली की कचेरीत माझी नजर घड्याळावर. आत्ता तुळईखाली असतील. आत्ता अंग आडवं झालं असेल. एकटं माणूस, मोकळं घर, आणि काही झालंच तर नवऱ्याला काय सांगू, की मला माहीत होतं?

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी सासूबाईंनी स्वतःच जाहीर केलं, "आज उतरते. शिवणवाल्या बाईंचं मशीन खाली घ्या, किती दिवस दारात पडलंय."

नवरा उठला. जुन्या पद्धतीचं लोखंडी मशीन, वजनदार. त्याने ते दोन्ही हातांत छातीशी धरलं. मी दारात सासूबाईंचा दंड धरून उभी. माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडे.

"मी आधी जातो," तो म्हणाला. "मी खाली पोचलो की मग तू निघ. घाई करू नकोस. कठडा सोडायचा नाही. कळलं ना आई?" तो उतरता उतरता मान वळवून हे सगळं सांगत होता. "एकेक पायरी. पाय नीट टेकल्याशिवाय दुसरा..."

तुळई त्याच्या डोक्यावर आली. त्याने मान खाली घातली, अंग आडवं केलं आणि पाय लांब सोडला, लहानपणापासून सोडत आला होता तसा.

पाय आधीच आदळला, कडेवरून घसरला. मशीनचं वजन पुढे गेलं आणि त्याच्या पाठोपाठ तो. जो आवाज झाला तो मी अजून विसरलेले नाही. मग तळाशी मशीनचं चाक तेवढं गरगरत होतं.

मी किंचाळले आणि जागच्या जागी थिजले. इतके दिवस याच आवाजाला भीत होते, म्हणून असेल. माझ्या हातातला दंड कधी सुटला तेही कळलं नाही. भानावर आले तेव्हा सासूबाई तुळईच्या पलीकडे पोचल्या होत्या. उभ्याने. एक हात कठड्यावर, पदर खोचलेला, मान ताठ, अंग सरळ. एकसारख्या फळ्यांवर एकसारखी पावलं टाकत त्या तळाशी गेल्या आणि लेकाजवळ बसल्या. आधी त्याचं डोकं चाचपलं, मग कपाळ, मग नाक, मग हनुवटी.

"रक्त आहे का गं?" त्यांनी मला वर ओरडून विचारलं. "मला दिसत नाही, तू बघ. लवकर ये."

रक्त नव्हतं. घोटा मात्र बघता बघता सुजत होता. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो आईकडे टक लावून बघत होता.

"आई, सवत..." तो म्हणाला.

"गेली रे ती. कधीच गेली."

"तू कशी उतरलीस?"

"पायांनी," सासूबाई म्हणाल्या. आणि मग, मी लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. लेकाचं डोकं मांडीवर घेऊन त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर लागलं. काटकोन बातमी ऐकून धावत आला, गुण्या लावून एकेक पायरी तपासली, सगळं जागच्या जागी होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "दादा पडलेच कसे, काही कळत नाही." त्याला काय सांगणार? त्या जिन्यात चूक नव्हती. चूक आमच्या पायांत होती, आणि ती काढायचे कष्ट घरात एकाच माणसाने घेतले होते. मी इतके दिवस त्यांच्या पायांना भीत राहिले. ज्याच्या पायांना भ्यायला हवं होतं, त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नव्या जिन्यावरून कुणी पडलं तर कुलूप, ही अट सगळ्यांच्या लक्षात होती. तो विषय कुणी काढला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नवऱ्यानेच प्लास्टरचा पाय उशीवर सावरत विचारलं, "शिवणवाल्या बाईंचं मशीन किती मोडलंय?"

"चाक वाकलंय. दांडा गेलाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग वर काय बसलीयेस? त्यांनी कपडे काय हाताने शिवायचे?"

सासूबाई उठल्या. दाराशी चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या, आणि उतरल्या. मी आणि नवरा वर एकमेकांचा हात धरून बसलो होतो, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे. खालून टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. मग स्क्रू घरंगळला. मग शिवी.

सवतीची फळी आता त्यांच्या टेबलाजवळ, दोन ठोकळ्यांवर बाक म्हणून ठेवली आहे. गिऱ्हाईक तिच्यावर बसून बोलणी खातं. डोळे आणखी उतरलेत. मधला डाग पसरलाय, आता भिंतसुद्धा पुसट दिसते म्हणतात. उद्या काय होईल, परवा काय होईल, हे मी अजूनही भाजी चिरताना मनात घोळवत असते. भीती गेलेली नाही. ती जाईल असंही वाटत नाही.

पण काल संध्याकाळी मी चहाचा ट्रे घेऊन खाली निघाले होते. डोक्यात कचेरीतलं काहीतरी. ट्रेमुळे पाय दिसत नव्हते. खाली मशीन चालू होतं, घरघर एका लयीत. तुळईच्या जरा आधी ती घरघर अचानक थांबली.

"सवत नाही हं!" खालून सासूबाई ओरडल्या.

माझी मान खाली गेली होती. अंग आडवं झालं होतं. पाय लांब सुटायच्या बेतात होता, तो मी जागीच आवरला आणि सरळ ठेवला. फळी होती तिथेच होती. मी ट्रे सावरत क्षणभर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, आम्ही वर त्यांच्यावर कान ठेवून बसतो, आणि त्या खाली आमच्यावर. माझं पाऊल, नवऱ्याचं लंगडं पाऊल, कोण कुठवर आलंय, सगळं त्यांना ठाऊक असतं.

"उभी का राहिलीस?" त्या म्हणाल्या. "ये की. चहा निवतोय."

मशीन पुन्हा सुरू झालं.